कॅथरिना उत्तर-दक्षिण

—न्हाई न्हाई मॅडम, तसं नगा लिवू. 'शेवटच्या प्रसंगात कलाकार अनवाणी असतो' — असं लिवलं तर शेट मला फाडून खातील. बूट असत्यात की पायात. सकाळी धापासून हे असले गुडघ्यापतूर चामड्याचे बूट घालून मी फिरतो — मावळात! पावसाळ्यात आत बेडकी शिरली हुती, दोन दिवस माझ्याबरं नांगरत हुती. फकस्त ह्या शेवटच्या पॉईंटला काढतो. का म्हंजे? चावत्यात. घर झालं, नांगर झाला, टोळधाड झाली, हितं कबरीपाशी येस्तवर चार वाजत्यात, पाय हे असे फुगत्यात. हां, तसं लिवा — 'वयोमानामुळे'. झ्याक. शिकलेल्या माणसाला कारण लगीच सापडतं बगा.

बसा की. ह्या ओंडक्यावर बसा, भ्यायचं कारण न्हाई, लाकडाचा न्हाई, फायबरचा हाय. माझं नाव? खरं का पगाराचं? पगाराचं हेन्रिक. हेन्रिक मायर, वय अठ्ठावन्न, मुक्काम नेब्रास्का, अमेरिका. खरं अल्लाउद्दीन मुलाणी, वय एकोणसत्तर, मुक्काम हितंच — म्हंजे आदी हितंच, आता वर रस्त्याकडंला. शेटनी सकाळीच बजावलंय, पुण्यावरनं प्रेरणा मॅडम येणार, इतिहासातल्या डॉक्टर, आपल्या गावात काय खरं आन काय खोटं ते तपासून कागद देणार. मी म्हणलं शेट, समदंच खोटं हाय, तपासायचं काय त्यात? तर म्हणाले, खोटं असलं तरी खऱ्यासारखं खोटं पायजे, त्येला आता लोक जास्त तिकीट देत्यात. — तो आवाज? तो जेसीबी. आमच्या विक्कीचा हाय, शेजारच्या वाडीतला पोरगा. पार्किंगचं काम निघालं असंल. चालू द्या त्याला.

मी कसा आलो ह्यात? दाढीमुळं. हसू नगा, खरं सांगतो. शेटचे व्याही अमेरिकेला. शेट गेलते तिकडं, तितं बगितलं — दीडशे वर्सांमागं जर्मनीवरनं गेलेले शेतकरी कसे ऱ्हायचे, काय खायाचे, कसे मरायचे, समदं गाव जसंच्या तसं करून ठेवलंय, तिकीट लावून. शेटना म्हणं रडू आलं. परत आले ते ठरवूनच आले — हे आपल्याकडं पायजे. आता लोणावळ्यात ऱ्हायलंय काय? राजस्थानी गाव झालं, पंजाबी ढाबा झाला, बालीची झोपडी झाली. भुशीला लोक पायऱ्यांवर भिजत्यात, कणीस खात्यात आन घरी जात्यात. जर्मन शेतकरी कुणाकडं नव्हता. तर मुंबईवरनं एक नट आणला, उंच, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा — त्याला दाढी चिकटवायचे. आन हितला पाऊस! पयल्याच शनवारी भर प्रयोगात दाढी सुटून सैपाकीण शालनबाईच्या सूपात पडली. पोरं किंचाळली. मी तवा गेटवर वॉचमन हुतो. शेटनी मला जुना फोटो दाखवला — जर्मन शेतकरी, ही लांब दाढी आन मिशी साफ. मी म्हणलं, हा तर माझा उर्श्याचा चुलता! शेट फोटोकडं बघत्यात, माझ्याकडं बघत्यात, फोटोकडं बघत्यात. म्हणाले, अल्लाउद्दीन, उद्यापासनं तू जर्मन. झालो. टोपी तेवढी बदलली.

आन टोपीची गंमत सांगू? ही गवताची टोपी घातली की बायामाणसं येऊन खांद्याला खांदा लावून फोटो काढत्यात, 'अंकल सो स्वीट' म्हणत्यात, लेकरं मांडीवर ठेवत्यात. परवा रुमाईसाला — माझी नात — तिला घेऊन मॉलमदी गेलतो, आपली जाळीची टोपी घालून. हीच दाढी. दारातल्यानं पिशवी दोनदा उलटी केली, तिचा डबासुद्दा उघडून हुंगला. वर इचारतो, चाचा, कुठून आलात? मी म्हणलं, हितनंच. तर म्हणतो, तसं न्हाई, मूळचे कुठले? आता सातवी पिढी हितंच भात लावत आली, मूळचे कुठले म्हणून काय सांगू? जिभेवर आलं हुतं — जर्मनीचा. सोडला असता बगा लगीच, सलाम ठोकून.

व्हय व्हय, स्क्रिप्ट सांगतो, तुमचा टायम मोलाचा. पाठ हाय. हेन्रिक धाकटा पोरगा. बापाची जमीन मोठ्या भावाला, ह्याला हातात टोपी. म्हणून बायको कॅथरिना आन लेकरू घेऊन ब्रेमनला जहाजात बसला, पार खालच्या मजल्यावर, चाळीस दिस. पाण्यात अळ्या, पावाला बुरशी. लेकरू तितंच गेलं, दर्यात सोडलं. हितं मी टोपी काढतो, छातीवर धरतो, बायका 'ऑऽ' करत्यात. मंग अमेरिकेचं सरकार म्हणतं, ये बाबा हेन्रिक, ही घे एकशेसाठ एकर. फुकट! अट येवढीच — घर बांध, नांगर, पाच वर्सं टिकून ऱ्हा, जमीन तुझी. हितं शाळेची पोरं लय टाळ्या वाजवत्यात. मी बी वाजवतो. सात पिढ्या नांगरणारा मी हितं महिन्याच्या पगारावर हेन्रिक झालो, आन तो पाच वर्सांत मालक. नशीब एकेकाचं.

एकदा मी लिवणाऱ्या साहेबाला इचारलं — साहेब, ही एकशेसाठ एकर आदी कुणाची हुती? म्हणाले, कुणाची न्हाई, रिकामी हुती. मी म्हणलं, रिकामी कशी आसंल, गवत हुतं, पाणी हुतं, म्हशीयेवढे रानरेडे हुते, मंग माणूस नसंल का? त्येंनी डोळे बारीक केले. म्हणाले, हुते थोडे, पण त्येंच्याकडं कागद नव्हता. — पटलं. लगीच पटलं मला. कारण आपल्या ह्या जागेचं जे रंगीत पत्रक हाय न्हवं, त्यात पयल्या पानावर काय छापलंय? 'डोंगराच्या कुशीतला निर्मनुष्य माळ.' माळ! भाताची खाचरं हुती मॅडम, इंद्रायणी लावायचो, शिजला की वास हमरस्त्यापतूर. आन निर्मनुष्य म्हंजे ज्या फोटोवर छापलंय, त्यात कोपऱ्यात एक ठिपका दिसतो बगा — तो मी हाय. वाकलेलो हाय म्हणून माणूस वाटत न्हाई.

तर खाचरं मोडून मका लावला. नेब्रास्का करायचा तर मका पायजे. चार हजार मिलिमीटर पावसात मका! पिवळा पडून आडवा हुतो, मंग प्लॅस्टिकचा आणून खोचतो. ते ढेकळांचं घर बगितलंत ना — तिकडं झाडच न्हाई म्हणून ते लोक गवताची ढेकळं कापून भिंत रचायचे. खरंखुरं रचलं हुतं पयलं. जुलैच्या पयल्या आठवड्यात हेन्रिकचं घर वाहून व्हाळात गेलं, त्यात शेटचा एक एसी पण गेला. आता आत सिमेंट हाय, वरनं ढेकळाचा रंग. शालनबाईचं आंबट कोबीचं जर्मन लोणचं खाल्लंत? पुण्याच्या बायका चुपचाप तिच्याकडनं ठेचा मागून खात्यात, जर्मन लोकान्ला न दाखवता. म्हंजे मला न दाखवता.

—काय म्हणालात? व्हय, ही शेवटची. कॅथरिनाची कबर. आपला सगळ्यात चांगला पॉईंट, मॅडम, हितलं रेटिंग बगा मोबाईलवर, साडेचार. नांगराला तीन हाय, टोळधाडीला दोन — पंख्यानं कागदाचे तुकडे उडवत्यात, लोकांच्या कॉफीत पडत्यात. पण हितं माणसं कॉफी बाजूला ठेवत्यात. तिसऱ्या हिवाळ्यात कॅथरिनाला ताप आला. पाद्री शंभर कोसांवर, शेजारी भीतीनं दार उघडंनात, बर्फ छातीयेवढा. हेन्रिकनं सोताच खड्डा खांदला, सोताच तिला ठेवली, सोताच दोन शब्द म्हणाला. शेताच्या कोपऱ्यात, जितं ती भाकरी सोडायची. — भाकरी न्हाई, पाव. पाव सोडायची. चुकून गेलं. ठाण्याच्या एका बाईंनी लिवलंय बगा, 'हे अभिनय वाटतच नाही.' कुणी फुलं ठेवतं, कुणी चॉकलेट. मागच्या नाताळात एकानं मेणबत्ती लावली. जाग्याचं इचारता? त्या सजावटवाल्या साहेबाला कबर कॉफीच्या दुकानापाशी पायजे हुती, म्हंजे लोक कॉफी पीत पीत दुःख बगतील. मीच म्हणलं, साहेब, त्या कोपऱ्यात करा, जांभळीखाली, चारला उजेड लय भारी पडतो. खूश झाले. म्हणाले, चाचा, तुमच्याकडं नजर हाय.

दिशा? दिशेचं काय?

असं हुय. जर्मन माणूस पूर्व-पश्चिम पुरत्यात. डोकं पश्चिमेला, म्हंजे कयामतीला उठला की तोंड सूर्याकडं. बरं. आन आपली उत्तर-दक्षिण हाय. व्हय, ते हाय खरं. मोबाईलमदी होकायंत्र बी असतं का? काय काय असतं त्यात. — पण मॅडम, कुणाला कळतंय? लोक आत येताना आंघोळीच्या तळ्याचा रस्ता इचारत्यात, ते काय दिशा बघत्यात का? तुमाला कळली, तुमी डॉक्टर. तुमी सोडून दिलं की सुटलं.

न्हाई, तुमचं बरोबर हाय, खऱ्यासारखं पायजे. पण हेन्रिकचं बी बगा की — बर्फ छातीयेवढा, सूर्य कुटं दिसतोय त्याला? त्याला काय कळणार पूर्व कुटली? चुकला गडी. बायको गेलेला माणूस, दिशा बघत बसंल का? हे लिवा ना, लय भारी वाटंल, लोक आजून रडतील — 'दुःखामुळं हेन्रिकची दिशा चुकली.' न्हाई? असं पुस्तकात न्हाई? बरं, मंग दुसरं — खालनं खडक लागला. आडवा खडक. व्हय, नेब्रास्कात खडक नसंल, पण मावळात हाय ना. किंवा मंग असं करा, कबर ऱ्हाऊ द्या, आपण नेब्रास्काच फिरवू. घर तिकडं करू, नांगर हिकडं. म्हंजे पाट्याच फिरवायच्या, मी फिरवतो, एका सकाळीत—

थांबा. हे मशीन हिकडं का येतंय?

पार्किंग तर तिकडं हाय. ए विक्की! आरं हिकडं कुटं! — तुमी बोलावलंय? आत्ता? चारची बस यायच्या आत? 'अर्धा तास तर लागतो, वरची माती उचलायची, आडवी करायची, क्रॉस परत खोचायचा' — आसं म्हणता? शेटनी हो बी म्हणलं? मला न सांगता? न्हाई, मला कशाला सांगतील, मी नट. पण मॅडम, ऐका, माती ओली हाय. मशीन रुतंल. मंग क्रेन बोलवावी लागंल. जांभळीची मुळं हायत. साप हाय हितं, धामण, मी बगितलीय सकाळी, ही येवढी. तुमी उठा आदी तितनं. — आन तुमी आसं करा, तुमच्या कागदावर दोन चुका लिवल्यात न्हवं, बुटांची आन दिशेची? बुटांची मी सुधारतो. आजपासनं बूट घालून करतो समदं. हे बगा, घालतो आत्ता. एक सुधारली, एक सोडा. पन्नास टक्के पास की ओ.

थांबला. बगा, थांबला विक्की. धा पावलांवर. रुतलंच असंल, मी म्हणलं न्हवं? मशीन बी बंद केलं. बोलू नगा त्याला, घाबरट हाय, नवीनच शिकलाय, सा वर्सं झाली फकस्त—

चपला? कुणी चपला काढल्या?

त्या व्हय... काढत्यात. गावाकडची पोरं, खाली उतरली की चपला काढत्यात, मातीची सवय. मऊ माती हाय ना. न्हाई, मला बघून न्हाई. तिकडं कुटं बघतोय तो, कबरीकडं कुटं बघतोय, जांभळीकडं बघतोय. जांभळं आली असतील. आता कुटली म्हणा जांभळं, डिसेंबरात. — विक्की, आरं येड्या, पायात घाल की ते!

न्हाई घालायचा तो. मला म्हाईत हाय न्हाई घालायचा.

मॅडम, जरा बसता का? बसा. आन तो पेन खाली ठेवा. एकवीस साल आठवतं? जून. तो आजार. तुमच्या पुण्यात काय झालं ते तुमाला म्हाईत, हितं काय झालं सांगतो. माझी बायको, जैतुनबी. नऊ दिस ताप. दवाखान्यात जागा न्हाई, गाडी मिळंना, दहाव्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या मान टाकली. गावात आमची चार घरं. कब्रस्तान नदीपल्याड, न्यायला खांदा कुणाचा? जमातीचे लोक फोन उचलंनात. भीत हुते, त्येंची चूक न्हाई. शेजाऱ्यांनी दारं लावलेली. पाऊस असा की समोरचं दिसंना. मी आन उमर — माझा पोरगा — दोघंच. आन हा विक्की आला. ह्याच्या आजीला जैतुन दूध द्यायची, येवढंच नातं. आपल्या घरनं टिकाव, फावडं घेऊन आला, डोक्यावर खताची पिशवी. म्हणाला, चाचा, जागा दाखवा. मी ही दाखवली. तिनंच सांगितलेली — जितं बसून जेवते तितंच ठेवा, मला नदी ओलांडाया भ्या वाटतं. त्यानं चपला बांधावर काढल्या, खांदला. सोताच दिशा इचारली — चाचा, डोकं कुटं? मी म्हणलं, उत्तरेला, तोंड पश्चिमेला. उमर आन मी नमाज पढली, दोघंच, आन हा मागं हात बांधून चिखलात उभा. परत जाताना बघतो तर व्हाळाच्या पाण्यात एक चप्पल वाहून गेलेली. एका चपलेवर घरी गेला गडी. अजून त्यावरनं चिडवतो मी त्याला.

व्हय. खाली ती हाय. ह्या थर्माकोलच्या दगडाखाली, त्या मातीखाली, माझी जैतुन हाय. आता कळलं बूट का चावत्यात?

स्क्रिप्ट? न्हाई, स्क्रिप्ट मी न्हाई लिवलं. त्या साहेबांनीच लिवलं, बायको तापानं मेली, सोता पुरली. मी वाचलं, मंग परत पयल्यापासनं वाचलं. येका गोऱ्या माणसाचं दुःख दीडशे वर्सांनी पुस्तकातनं काढून हितं आणलं, आन ते माझ्या मापाचं निघालं. म्हणून तर दाखवली ही जागा. उजेडाचं मी लबाड बोललो. पण उजेड पडतो हां खरंच, चारला.

मंग जागा इकताना सांगितलं का न्हाई — हेच इचारणार ना तुमी? इचारा. कुणी इचारलंच न्हाई आजपतूर. उमरची कंपनी सुटली हुती, त्याला पुण्याला जायचं हुतं, हितं त्याला आईची खाट दिसायची. दलाल आला. कागद पुढं. इचारलं, चाचा, जागेत कुणाची वाट, विहीर, देऊळ, थडगं, काय असलं तर आत्ताच सांगा, मागनं भानगड नको. उमरनं माझ्याकडं बगितलं. मी म्हणलं, काय न्हाई. — मी म्हणलं. उमर न्हाई. थडगं हाय म्हणलं असतं तर शेट उठून गेले असते, पोरगं हितंच कुजलं असतं. दुसऱ्या दिशी मोजणीवाले येणार हुते. तर मी सांच्याला आलो, फावडं घेऊन, आन ह्या हातानं — ह्या हातानं मॅडम — मातीचा उंचवटा सपाट केला. उशाचा दगड बांधावर टाकला. वरनं गवत अंथरलं. 'निर्मनुष्य माळ' छापलंय न्हवं? शेटनी खोटं न्हाई छापलं. मीच करून दिला.

ती काय म्हणली असंल? काय म्हणणार. चाळीस वर्सांत कधी उलटं बोलली न्हाई, बोलली असती तर बरं झालं असतं. मंग मी हितंच वॉचमन लागलो, मंग हेन्रिक. रोज चारला मी तिच्यासमोर टोपी काढतो आन जर्मन बाईच्या नावानं माफी मागतो. 'फरगिव्ह मी, कॅथरिना, आय ब्रॉट यू हिअर.' लोक फोन वर धरत्यात. क्रॉस मी पक्का ठोकलेला न्हाई, नुस्ता खोचलाय. सहाला बस गेली की उपटून ठेवतो, सकाळी परत लावतो. जुमेरातला, म्हंजे गुरवारी, दोन उदबत्त्या लावतो, फातिया पढतो. तिला म्हणतो, येवढं चालवून घे बाई, नोकरी हाय.

न्हाई! नाव नगा लिवू. काय बी करा, नाव नगा लिवू कागदावर. कसं समजवू तुमाला? कॅथरिना हाय तवर फुलं येत्यात, चॉकलेट येतंय, रेटिंग साडेचार. उद्या कळलं की हितं जैतुनबी मुलाणी हाय, तर शेट घाबरतील, दलाल माझ्या सहीचा कागद काढंल, कुणीतरी मोबाईलवर टाकंल की बगा, जागा बळकावाया थडगं उभं केलं. चार गाड्या भरून माणसं येतील, ज्यांना ह्या गावाचं नाव बी म्हाईत न्हाई. मंग विक्कीचं मशीन नगं, दुसरं येईल, त्यातला गडी चपला काढणार न्हाई. जर्मनीवरनं आलेल्या बाईला हितं जागा हाय मॅडम. हितल्या बाईला कागद लागतो.

तवा मी तुमाला काय सांगू? फिरवू नगा म्हणलं तर कारण पायजे, कारण दिलं तर ती जाती. तुमी लय हुशार, तुमी सांगा. — असं बघू नगा माझ्याकडं. आन डोळे पुसा, पावणे येतील, त्येंना वाटंल हेन्रिकनं काय केलं बाईला.

काय खुणावलंत त्याला? जा म्हणून? जा म्हणलात? ...विक्की, मॅडम जा म्हणत्यात रे. घे मशीन मागं. पार्किंगला जा. सावकाश घे, त्या मक्याला धक्का लागंल, पाचशे रुपयांचं एक कणीस हाय ते.

आन कागदावर? ऱ्हाऊ द्या, मला वाचून नगा दाखवू. काय लिवाल ते तुमी आन तुमचं पुस्तक. मी काय बोललोच न्हाई, समजा. म्हातारा हाय, जर्मन हाय, भाषेचा गोंधळ हुतो.

आली बगा बस, फाटकात हॉर्न वाजवतीय. उठा आता, माझी टोपी द्या ती, तिकडं ओंडक्यावर हाय. विक्की, आरं चपला! चपला घे बांधावरनं, पुन्हा एक हरवशील! — मॅडम, तुमी त्या झाडामागं उभ्या ऱ्हावा, प्रयोगात मधी कुणी दिसाया नको. आन ते—

आन हे काय? तुमी कवा काढलेत बूट?

घाला. घाला मॅडम, पावणे उतरले. हितं जर्मन बाई हाय. जावा आता, जावा — घाला ते पायात.